तक्तपोशी : सागाच्या छताची वऱ्हाडांतील कहाणी

घराचें छत ही बहुधा कोणी निरखून पाहण्याची वस्तु नव्हे. पाहुणा दाराची चौकट पाहतो, भिंतीचा रंग पाहतो, बैठकीची मांडणी पाहतो. मान वर करण्याचें कारण त्यास क्वचितच पडतें. परंतु एखाद्या प्रांताचा इतिहास ज्यास घरांवरून वाचावयाचा असेल, त्यानें तेथील छतें अवश्य पाहावीं. भिंत गांवच्या मातीची अगर दगडाची उभी राहते आणि ती गरीब-श्रीमंत सर्वांस सुलभ असते. छतास मात्र लांब, सरळ आणि टिकाऊ लांकूड लागतें. आणि तें कोणास मिळावें व कोणास मिळूं नये, हें ठरविण्यांत अरण्य, राज्यसत्ता आणि पैसा या तिघांचाहि हात असतो.

यवतमाळ शहरास लागून असलेलें लोहारा हें गांव या विचारास चांगलें ठिकाण आहे. आज त्याचें नांव निघतांच औद्योगिक वसाहत आठवते. परंतु हें गांव ज्या पठारावर वसलें आहे, तें सुमारें साडेचौदाशें फूट उंचीचें असून त्याच्या भोंवतालच्या डोंगरउतारांवर सागाचीं रानें आहेत. याच जिल्ह्यांतील पांढरकवड्याकडील टिपेश्वरचें अभयारण्य सागवृक्षांसाठीं सर्वांस परिचित आहे. असें असूनहि या बाजूच्या खेड्यांतील सामान्य घरांवर पिढ्यान् पिढ्या कवेलू किंवा गवतच राहिलें. सागाच्या रानाकांठीं राहणाऱ्याच्या डोक्यावर गवत आणि दूरच्या पेठेंतील धनिकाच्या डोक्यावर साग, हा विरोध कसा उत्पन्न झाला आणि पुढें त्याचें काय झालें, याचा शोध उद्बोधक आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. फळ्यांच्या छतास जुन्या मराठींत ‘तक्तपोशी’ म्हणतात. तख्त म्हणजे फळी आणि पोश म्हणजे आच्छादन. हे दोन्ही शब्द फारसी आहेत. बांधकामांतील कितीतरी शब्द याच वाटेनें मराठींत आले आणि सुताराच्या तोंडीं रुळून घरचेच झाले. तक्तपोशीचाच सख्खा भाऊ म्हणजे ‘कडीपाट’. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, अशी ही रचना असते. तींत कड्या खालून उघड्या दिसतात. कड्यांच्या खालच्या अंगास फळ्या बसवून कड्या झांकून टाकल्या म्हणजे सपाट, नितळ असें छत मिळतें. दिवाणखान्यांत व देवघरांत अशी हौस विशेष केली जाई. घराचें माप सांगतांना दोन तुळयांमधील अंतरास ‘खण’ म्हणत. अमक्याचें घर इतक्या खणांचें, असें सांगितलें कीं त्या घराची ऐपत ऐकणाऱ्यास कळे.

या छताच्या वर काय असे, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. वरच्या मजल्यावर राहावयाचें असेल तर फळ्यांवर मातीचा थर देऊन तो चोपून, सारवून जमीन केली जाई. माळवदाच्या घरांत हाच थर चांगला जाड असे आणि तेंच घराचें छप्पर होई. ही जड माती उन्हाळ्यांत दिवसभर ऊन पीत राही, पण खालच्या खोलींत तें उतरूं देण्यास फार वेळ लावी. फळीचें काम मातीचा भार पेलण्याचें आणि धूळ व किडामुंगी खालीं पडूं न देण्याचें. तेव्हां फळी आणि माती यांची ही जोडी होती. नुसती फळी उन्हाविरुद्ध फारसें कांहीं करीत नाहीं. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

या कामास सागच कां, याचें उत्तर सुतार हातानें देतो आणि शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत देतो. दोघांचें उत्तर एकच आहे. सागाच्या गाभ्यांत स्वाभाविक तेल व कांहीं विशिष्ट द्रव्यें असतात, त्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लांकडाचा नव्हे. म्हणून जुना सुतार फळी पाडतांना पांढरा भाग काढून टाकी. दुसरा गुण असा कीं ऋतु पालटला तरी साग इतर लांकडांच्या मानानें कमी हलतो. लांकूड हवेंतील ओल घेऊन फुगतें आणि ती टाकून आकसतें; लांबींत हा फरक नगण्य असतो, रुंदींत तो दिसतो. विदर्भांत वैशाखाची हवा अत्यंत कोरडी आणि श्रावणाची ओली. सहा इंच रुंदीच्या फळींत या दोन ऋतूंमध्यें अंदाजें अर्ध्या सुताचा फरक पडूं शकतो. हा फरक क्षुल्लक वाटेल; पण दहा फुटांच्या खोलींत अशा वीस फळ्या शेजारीं शेजारीं बसतात, आणि सर्वांचा मिळून फरक सव्वा इंचाच्या घरांत जातो. ज्यानें फळ्या भिंतीपर्यंत ठासून बसविल्या, त्याचें छत पावसाळ्यांत पोट काढतें. ज्यानें ओल्या फळ्या बसविल्या, त्याच्या छतांतून उन्हाळ्यांत वरची माती गळते.

या अडचणीवर सुतारांनीं जे उपाय काढले, ते त्यांच्या बुद्धीची साक्ष देतात. पहिला उपाय सबुरीचा. ओंडका करवतीनें चिरून फळ्या पाडल्यावर त्या सावलींत, मध्यें चिपा घालून, एकीवर एक रचून ठेवीत. वारा चारी बाजूंनीं खेळूं देत. आणि मगच त्यांस रंधा लावीत. दुसरा उपाय सांध्याचा. दोन फळ्यांच्या फटीवर खालून नक्षीची बारीक पट्टी मारीत, म्हणजे फळ्या हलल्या तरी फट दिसत नसे. किंवा एका फळीच्या कांठास खाच व दुसरीच्या कांठास त्या खाचेंत बसणारी जीभ काढीत; फळी आकसली तरी जीभ खाचेंतच राही. तिसरा उपाय असा कीं खिळा फळीच्या एकाच बाजूस पक्का मारीत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवीत. अशा फळीस हालचालीस वाव मिळे आणि ती तडकत नसे.

ही खाच आणि जीभ काढण्याचें काम हातरंध्यानें फार वेळखाऊ होतें. अमेरिकेंत विल्यम वुडवर्थ यानें १८२८ सालीं फळी रंधून तिच्या कांठांस खाच व जीभ पाडणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें आणि पाश्चात्त्य देशांत फळ्यांचीं छतें व तळजमिनी मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आल्या. योगायोग असा कीं त्याच १८२८ सालीं पुण्यांत सागवानी बांधकामाचा एक मोठा ठेवा नाहींसा झाला. पहिल्या बाजीरावानें १७३० च्या जानेवारींत शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांति झाली. त्याचें सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीहून आणला होता. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत त्याचे लांकडी मजले भस्म झाले. दगडी तट व दरवाजे तेवढे उरले. नागपुरासहि हेंच घडलें. भोसल्यांचा कोरीव लांकूडकामानें नटलेला राजवाडा १८६४ सालीं जळाला आणि मागें नगारखान्याचा दरवाजा राहिला. वाळवीस न जुमानणारें लांकूड अग्नीपुढें मात्र हात टेकतें. तेव्हां दिवे तेलाचे होते. आज छतावरून विजेच्या तारा जातात. धोक्याचें रूप बदललें, धोका गेला नाहीं.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. यवतमाळच्या बाजूस ती धामणगांवावरून गेली. पुढें मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडीहि आली. कापसाचा पैसा पेठांत आला आणि त्या पैशानें वाडे उभे राहिले. कोरीव खांब, झरोके, आणि दिवाणखान्यावर सागाची तक्तपोशी, ही त्या संपत्तीची खूण होती.

परंतु ज्या आगगाडीनें कापूस नेला, तिलाच लांकूडहि हवें होतें. रुळांखालीं घालावयाचे स्लीपर मैलास दोन हजारांच्या आसपास लागतात, आणि ते कांहीं वर्षांनीं बदलावे लागतात. त्याच्याहि पूर्वीं मुंबईच्या गोदींत सागाचीं जहाजें बांधलीं जात होतीं. वाडिया घराण्यानें बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ ची युद्धनौका आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. सागाची किंमत साम्राज्यानें पुरती ओळखली होती. १८६४ सालीं डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला. १८६५ व १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले. वऱ्हाड नांवानें निजामाचें असल्यामुळें तेथील कायद्याची वाट थोडी निराळी होती. पण धोरण तेंच लागू झालें. रानें ‘राखीव’ झालीं.

न्यायानें बोलावयाचें तर राखीव जंगलाचें धोरण सर्वस्वीं दुष्ट नव्हतें. बेसुमार तोडीनें डोंगर उघडे पडत होते आणि कोणीतरी लगाम घालणें भाग होतें. जीं सागाचीं रानें आज दिसतात, त्यांतील पुष्कळशीं या राखणीमुळेंच वांचलीं. परंतु लगाम कोणाच्या हातीं गेला हें पाहिलें पाहिजे. गांवकरी पूर्वीं रानांतून घरासाठीं वासे, औतासाठीं तिवस व धावडा, चुलीसाठीं सरपण आणि गुरांसाठीं गवत आणीत असे. या गरजांस मध्यप्रांत-वऱ्हाडांत ‘निस्तार’ म्हणत. राखीव जंगलांत हीच गोष्ट परवान्याची आणि दंडाची झाली. कोलाम व गोंड यांच्यासारखे लोक, ज्यांचा संसारच रानांत होता, ते आपल्याच रानांत परके ठरले. सागाचा ओंडका लिलांवांत निघे. तो घेण्याचें सामर्थ्य व्यापाऱ्यास होतें, कुऱ्हाड चालविणाऱ्या मजुरास नव्हतें. गवत आणि साग यांचा विरोध येथें कायद्यानें पक्का झाला.

हा असंतोष कसा साठला होता याचा प्रत्यय १९३० सालीं आला. देशांत मिठाचा सत्याग्रह चालू होता. समुद्र दूर असलेल्या या जिल्ह्यानें लढ्यास जंगलाचा कायदा निवडला. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतील गवत कापून कायदा मोडला आणि त्यांस अटक झाली. पाठोपाठ वऱ्हाड-मध्यप्रांतांत ठिकठिकाणीं विळे घेतलेले सत्याग्रही रानांत शिरले. गवताची पेंढी ही निशाणी होती; तिच्यामागें वाशाचा, सरपणाचा आणि डोक्यावरील छपराचा प्रश्न उभा होता. शहरी वाचकास मिठाचा सत्याग्रह पाठ असतो. विळ्याचा सत्याग्रह त्यानें तितकाच आठवावा असा आहे.

इकडे छताच्या इतिहासास निराळेंच वळण मिळत होतें. इंग्लंडांत हेन्री पामर यानें १८२९ सालीं पन्हाळीदार लोखंडी पत्र्याचें पेटंट घेतलें होतें. जस्ताचा मुलामा चढविण्याची युक्ति निघाल्यावर तो पत्रा जगभर पसरला. मंगळुरास बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला आणि मंगळुरी कौल घरोघरीं गेलें. १९१४ पासून पोरबंदर येथें सिमेंट मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें आणि १९३६ सालीं अनेक सिमेंट कंपन्यांचें एकीकरण झालें. स्वातंत्र्यानंतर लोखंडी सळया व सिमेंट काँक्रीट यांचें सपाट छत लहान गांवांपर्यंत पोंचलें. कवेलू दरवर्षीं फेरण्याची कटकट गेली, आगीचें व वाळवीचें भय कमी झालें, आणि मुख्य म्हणजे पक्कें छत प्रथमच सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें. हा लाभ लहान नव्हे. जुन्या वाड्यांची हळहळ करतांना पुष्कळ जण ही गोष्ट विसरतात कीं त्या वाड्यांच्या तक्तपोशीखालीं फारच थोडे लोक निजत होते.

आतां चक्र पुन्हां फिरलें आहे. काँक्रीटच्या छताखालीं फळ्यांचें आच्छादन करून घेण्याची हौस शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत वाढत आहे. ही जुन्या तक्तपोशीचीच आवृत्ति होय; मात्र फळीवर आतां भार नसतो, म्हणून ती अर्धा ते पाऊण इंच जाडीची पुरते. काम करवून घेणाऱ्यानें कांहीं गोष्टी सुताराशीं बोलून आधींच ठरवाव्या. वरचें छत गळतें काय, हें एक पावसाळा पाहून खात्री करावी. फळ्यांआड दडलेली ओल दिसत नाहीं आणि वाळवीस तीच आमंत्रण देते. फळ्या घरांत आणून त्याच खोलींत निदान आठपंधरा दिवस रचून ठेवाव्या. छतास आधीं लांकडी पट्ट्यांचा सांगाडा दीड-दोन फुटांच्या अंतरानें स्क्रूनें आवळावा व तो पाणसळीनें समतल करावा. फळ्या या पट्ट्यांशीं काटकोनांत याव्या. पहिली फळी सूत धरून बसवावी, कारण तिचा तिरपेपणा पुढच्या प्रत्येक फळींत वाढत जातो. खिळा जिभेंतून तिरपा मारावा, म्हणजे पुढच्या फळीच्या खाचेनें तो झांकला जातो. फळ्यांचे टोकांचे सांधे एका रेषेंत आणूं नयेत. भिंतीशीं चारी बाजूंनीं अर्धा इंच जागा सोडून ती गोल पट्टीनें झांकावी. साग नसेल तर लांकडास टाकणखार व बोरिक ॲसिड यांच्या द्रावणाचा हात द्यावा. विजेच्या तारा नळींतूनच न्याव्या. तापणारा दिवा लांकडास भिडूं देऊं नये.

उन्हापासून बचाव होईल, या आशेनें हें काम करणाऱ्यांस एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. यवतमाळकडे उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि काँक्रीटचें छत रात्रीं उशिरापर्यंत ऊब टाकीत राहतें. लांकूड हें काँक्रीटच्या सुमारें दशांशच उष्णता वाहून नेतें, हें खरें. पण अर्ध्या इंचाच्या फळीचें बळ तें किती? खोलींत जो फरक जाणवतो तो फळीपेक्षां तिच्या वर कोंडलेल्या हवेच्या पोकळीचा असतो. जुन्या घरांतील गारवा जाड मातीचा होता. म्हणून गच्चीवर चुन्याचा पांढरा हात देणें किंवा तिच्यावर सावली करणें, हा उपाय आधीं. फळ्यांची शोभा त्याच्या मागून.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे : लांकूड कोठून आणावें? महाराष्ट्रांत साग तोडण्यावर १९६४ च्या कायद्याचें नियंत्रण आहे आणि त्याच्या वाहतुकीस परवाना लागतो. बल्लारपूरच्या आगारांतील सागवान २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिरासाठीं गेलें. या वनाची कीर्ति आजहि तितकीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवांस निस्ताराचे सामुदायिक हक्क व बांबू, तेंदू, मोह यांसारख्या गौण उपजांवर मालकी मान्य केली. परंतु गौण उपज या शब्दांत इमारती लांकूड येत नाहीं. रानाकांठच्या गांवास बांबू मिळाला. साग अजून त्याचा नाहीं. अशा स्थितींत स्वस्तांत, कागदांवांचून दाराशीं आलेली फळी ही कोणाच्या तरी डोंगरावरून चोरलेली असण्याचा संभव मोठा, आणि ती घेणारा त्या चोरींत भागीदार होतो. दुसरीकडे गांवोगांवचे जुने वाडे उतरविले जात आहेत. त्यांच्या कड्या, तुळया व फळ्या अनेक पावसाळ्यांत मुरलेल्या असतात. त्यांस नव्यानें हलण्याचें फारसें कारण उरलेलें नसतें. जुने खिळे काळजीनें काढून, कांठ रंधून घेतले तर त्यांच्याइतकें उत्तम लांकूड नव्या बाजारांत सहसा मिळत नाहीं.

ज्यास आपल्या घरीं तक्तपोशी करावयाची असेल, त्यानें सुताराकडे मोजमाप विचारतांनाच लांकडाच्या दुकानीं परवान्याचा कागदहि मागावा. यवतमाळच्या रानांतून गेल्या दीडशें वर्षांत जेवढा साग बाहेर गेला, त्याचा हिशेब मागण्याची सवय घर बांधणाऱ्यांनीं पूर्वींच लावून घेतली असती, तर १९३० सालीं गवताच्या पेंढीसाठीं कोणास तुरुंगांत जावें लागलें नसतें.